कृष्णाकाठचा तांबूस गोटा वालुकाश्म आहे का? नदीतले गोटे ओळखण्याविषयी

प्रश्न असा आहे: वाळवा तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंनी मुलांसोबत दगडांचा संग्रह सुरू केला असून त्यातले तीन गोटे मुलांनी वालुकाश्म म्हणून वेगळे काढले आहेत. पहिला हरिपूरजवळच्या कृष्णाकाठी मिळालेला, विटकरी रंगाचा, हाताला खरखरीत. दुसरा आटपाडी तालुक्यात दिघंचीजवळ माण नदीच्या काठच्या दरडीतला, राखाडी, वाळूचे कण उघड दिसणारा. तिसरा सहलीत बदामीजवळच्या एका ओढ्यातून आणलेला, गुलाबी पट्ट्यांचा आणि चपटा. तिन्ही गोट्यांची छायाचित्रे पाठवून हे खरोखर वालुकाश्म आहेत का आणि शाळेतल्या साधनांनी ते कसे ओळखावेत, असे त्यांनी विचारले आहे.

उत्तर:

निष्कर्ष आधी सांगतो, म्हणजे पुढची कारणमीमांसा वाचताना आपल्या हाताशी काहीतरी असेल. बदामीचा गोटा निःसंशय वालुकाश्म आहे. दिघंचीचा गोटाही व्याख्येप्रमाणे वालुकाश्मातच मोडतो, पण तो भूशास्त्रीय हिशेबाने अगदी अलीकडचा, नदीच्या वाळूला चुन्याने बांधून तयार झालेला आहे. हरिपूरचा गोटा मात्र नैसर्गिक वालुकाश्म असण्याची शक्यता जवळजवळ नाही. छायाचित्रावरून तो भाजलेल्या विटेचा, पाण्याने घासून गोल झालेला तुकडा वाटतो. त्याची खात्री कशी करून घ्यायची, ते पुढे सांगतो.

नदीतला गोटा ओळखताना भिंग हातात घेण्याआधी त्या नदीचा नकाशा पाहावा, असा माझा आग्रह असतो. नदी दगड खालच्या दिशेनेच वाहून नेते, त्यामुळे गोटा जिथे सापडला त्याच्या वरच्या अंगाला जे खडक उघडे आहेत त्यांच्यापैकीच तो असला पाहिजे. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते, वाईवरून येते, माहुलीला वेण्णा, कराडला कोयना, ब्रह्मनाळजवळ येरळा आणि हरिपूरला वारणा तिला मिळते. या साऱ्या नद्यांच्या पाणलोटात सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे लाव्हाचे थर, म्हणजे बेसाल्ट, आणि डोंगरमाथ्यांवर त्याच बेसाल्टापासून बनलेला जांभा, याखेरीज मोठा असा दुसरा खडक नाही. हे केवळ पृष्ठभागापुरतेच खरे आहे असेही नव्हे. कोयना धरणाजवळ रासाटी येथे भूकंपांच्या अभ्यासासाठी घेतलेल्या खोल विवरात सुमारे 930 मीटर बेसाल्ट लागला आणि त्याच्या खाली थेट ग्रॅनाइटी पायाचा खडक आला; दोहोंच्या मध्ये वालुकाश्माचा किंवा दुसऱ्या कुठल्या गाळाच्या खडकाचा थर आढळला नाही. तेव्हा सांगलीच्या घाटावर नदीने आपणहून वालुकाश्म आणून टाकावा, असा साठाच वरच्या अंगाला नाही.

आपल्याला सर्वांत जवळचे जुने वालुकाश्म कलादगी आणि बदामी या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या खडकसमूहांतले. ते बागलकोट-बदामीच्या पट्ट्यात आणि गोकाककडे मोठ्या प्रमाणावर उघडे आहेत, आणि कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण भागात व सिंधुदुर्गातही त्यांचे तुकड्यातुकड्यांनी दर्शन होते. घटप्रभेचा गोकाकचा धबधबा अशाच कठीण वालुकामय खडकाच्या कड्यावरून सुमारे 52 मीटर खाली पडतो. परंतु घटप्रभा आणि मलप्रभा या दोन्ही नद्या कृष्णेला कर्नाटकात, सांगलीच्या पुष्कळ खाली जाऊन मिळतात. त्यांचे गोटे उलट्या दिशेने हरिपूरला चढून येणे शक्य नाही.

बेसाल्टाच्या मुलखात नद्या वाळू वाहतातच, मग त्या वाळूचा वालुकाश्म का झाला नाही, असा प्रश्न मुले विचारतील आणि तो रास्त आहे. वालुकाश्माचा बहुतेक भार क्वार्ट्झ हे खनिज वाहते, कारण ते पाण्याने सहसा कुजत नाही आणि दूरवर घासत गेले तरी टिकून राहते. ग्रॅनाइटात क्वार्ट्झ भरपूर असते. ग्रॅनाइट झिजला की चिकणमाती वाहून जाते आणि क्वार्ट्झची वाळू मागे उरते. बेसाल्टाची घडण निराळी आहे. त्यात मुख्यतः प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार आणि पायरॉक्सीन ही खनिजे असतात आणि दोन्ही पावसापाण्यात तुलनेने लवकर कुजून चिकणमाती होतात. आपल्या शेतांतली काळी माती ती हीच. कृष्णेच्या पात्रात जी वाळू दिसते ती बेसाल्टाचे न कुजलेले बारीक तुकडे, लोहखनिजांचे काळे कण, आणि लाव्हाच्या पोकळ्यांत नंतर भरलेल्या गारगोटीचे व झिओलाइटचे कण यांची असते, म्हणून ती रंगाने काळपट. अशी वाळू पुरली गेली तर तिचा खडक होऊ शकतो, नाही असे नाही, पण दगड बनण्याइतकी खोली, दाब आणि काळ तिला इथे फारसा लाभलेला नाही.

आता प्रत्यक्ष गोट्याकडे वळू. वालुकाश्म म्हणजे वाळूच्या आकाराच्या कणांचा, मध्ये कुठल्यातरी बांधकाने जखडलेला खडक. वाळूचा आकार म्हणजे एक षोडशांश मिलिमीटर ते 2 मिलिमीटर. त्याहून बारीक कण नुसत्या डोळ्यांना सुटे दिसत नाहीत, आणि त्याहून मोठे झाले की आपण त्याला गोट्यांचा खडक म्हणतो. कणांना जखडणारा बांधक चार प्रकारचा आढळतो: सिलिका, चुना म्हणजे कॅल्साइट, लोहाचे ऑक्साइड, आणि चिकणमाती. गोट्याचा रंग, त्याची ताकद आणि आम्लाला तो देत असलेला प्रतिसाद हे तिन्ही बहुतांशी या बांधकावर ठरते, कणांवर नव्हे. तांबड्या वालुकाश्मातला प्रत्येक कण तांबडा नसतो. पारदर्शक क्वार्ट्झच्या कणाभोवती हेमॅटाइटचा अतिशय पातळ लेप असतो, आणि एवढ्याशा लोहाने पूर्ण दगड लाल दिसतो. म्हणून रंगावरून गोटा ओळखू नये. लाल वीट, लाल गेरूसारखा थर, जांभा आणि लाल वालुकाश्म या चौघांचा रंग छायाचित्रात एकच येतो.

पाण्यात घासलेल्या गोट्याच्या बाहेरच्या सालीवर विश्वास ठेवू नका. ती गुळगुळीत असते, तिच्यावर शेवाळ, चुना आणि लोहाचे डाग बसलेले असतात. संग्रहासाठी एकाच ठिकाणचे दोन सारखे गोटे घ्यावेत आणि त्यांतला एक फोडावा. गोणपाटात गुंडाळून, डोळ्यांवर चष्मा लावून, मोठ्या माणसाने हातोडीचा एकच नेमका घाव घालावा. ताजा पृष्ठभाग ऊन पडेल असा धरून 10 पट दाखवणाऱ्या भिंगाने पाहिला की वालुकाश्म रव्याच्या लाडवासारखा दिसतो: कण कण वेगळा, बराचसा एकाच मापाचा, आणि फूट कणांच्या मधून गेलेली, त्यामुळे प्रत्येक कणाचा गोलसर उंचवटा शिल्लक राहिलेला. त्यात क्वार्ट्झचे कण काचेसारखे, किंचित तेलकट चमकेचे आणि सपाट पृष्ठे नसलेले असतात. अधूनमधून पांढरट किंवा गुलाबी कण सपाट पृष्ठावर चमकून जातो, दगड थोडा फिरवला की विझतो, तो फेल्डस्पार. हाच कण खडूसारखा मऊ झालेला दिसला तर तो कुजू लागलेला आहे. बेसाल्टाच्या ताज्या फुटीत असे सुटे कण कधीच दिसत नाहीत. त्यात दाट, काळी-करडी वीण असते, स्फटिक एकमेकांत गुंतलेले असतात, आणि कुठे पांढऱ्या-हिरवट खनिजाने भरलेली पोकळी असते.

बोटाने घासून पाहणे हीही चांगली चाचणी आहे, मात्र तिचा अर्थ नीट लावावा लागतो. खनिजांचे काठिण्य मोजण्याच्या 1 ते 10 च्या मोह्स मापावर क्वार्ट्झचे काठिण्य 7 आहे, चाकूच्या पोलादाचे आणि खिडकीच्या काचेचे साडेपाचच्या आसपास. त्यामुळे वालुकाश्माचा गोटा काचेच्या टाकाऊ तुकड्यावर दाबून ओढला तर ओरखडा उठतोच. आणि तरीही चाकूच्या टोकाने त्याच गोट्याचे कण सुटून खाली पडू शकतात. यात विसंगती काही नाही. कण कठीण असतो आणि बांधक कमजोर असू शकतो, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ज्या गोट्याचे कण चाकूने सुटतही नाहीत त्यात सिलिकेचा बांधक पक्का बसलेला आहे, असे समजावे.

वजनाची चाचणी मुलांना फार आवडते आणि ती अचूकही आहे. ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला इलेक्ट्रॉनिक काटा पुरे. आधी कोरड्या गोट्याचे वजन घ्या. मग काट्यावर पाण्याने भरलेले भांडे ठेवून आकडा शून्यावर आणा आणि गोटा दोऱ्याने बांधून भांड्याच्या तळाला किंवा कडेला न टेकवता पूर्ण बुडवा. काट्यावर जो आकडा येईल तितके घन सेंटिमीटर गोट्याचे आकारमान. समजा कोरडे वजन 232 ग्रॅम आणि बुडवल्यावर आकडा 80, तर घनता 2.9, हा भरीव बेसाल्ट. वालुकाश्माची घनता साधारण 2.2 ते 2.6 च्या दरम्यान येते. सच्छिद्र गोटा बुडवल्याबरोबर बुडबुडे सोडू लागतो, म्हणून आकडा पटकन वाचावा. पोकळ्यांचा बेसाल्ट, ज्याला विहीर खणणारे मांजऱ्या म्हणतात, तो यापेक्षा हलका भरतो, तेव्हा घनता कमी आली एवढ्यावरून बेसाल्ट नाही असे म्हणता येत नाही; घनता 2.8 च्या वर आली तर मात्र तो साधा वालुकाश्म नाही हे खात्रीने म्हणता येते.

याच्या जोडीला लोहचुंबक वापरा. जुन्या स्पीकरमधला किंवा संगणकाच्या डिस्कमधला छोटा, जोरकस चुंबक दोऱ्याने टांगून गोट्याजवळ नेला की बेसाल्टाकडे तो हलकेच ओढला जातो, कारण बेसाल्टात मॅग्नेटाइटच्या जातीची खनिजे विखुरलेली असतात. बदामीच्या गोट्याजवळ तो स्थिर राहील. लाल रंगामुळे गोंधळू नका. हेमॅटाइटला चुंबक असा ओढ देत नाही.

हरिपूरच्या गोट्याला या चाचण्या लावून पाहा. तो विटेचा असेल तर पाण्याचा थेंब टेकवताच शोषून घेईल, घनता बहुधा 2 च्या खाली येईल, चाकूने लाल पूड निघेल, आणि फोडल्यावर आत वाळूचे एकसारखे कण दिसण्याऐवजी भाजलेल्या मातीची गुळगुळीत वीण, त्यात अधूनमधून खडा, जळालेल्या भुश्श्याची किंवा गवताची पोकळी, आणि कधी मध्यभागी काळपट गाभा दिसेल. चुंबक किंचित ओढला गेला तरी नवल वाटू नये, कारण आपल्याकडची वीट ज्या गाळाची भाजतात तो बेसाल्टाचाच गाळ आहे. नदीकाठच्या वीटभट्ट्या, जुन्या घाटांची पडझड, आणि 2005, 2019 व 2021 च्या महापुरांनी वाहून आणलेला बांधकामाचा राडारोडा, यांमुळे कृष्णेच्या काठावर मानवनिर्मित गोटे आता इतके आहेत की संग्रहात त्यांना स्वतंत्र जागा द्यावी असे मला मनापासून वाटते.

विटेपेक्षाही फसवा असतो काँक्रीटचा किंवा सिमेंटच्या गिलाव्याचा गोटा. त्यात वाळूचे कण आहेत, बांधक आहे, घनताही वालुकाश्माइतकीच भरते, म्हणजे व्याख्येच्या साऱ्या अटी तो पुऱ्या करतो. त्याला पकडायचे ते बारकाव्यांवर: सिमेंटच्या राखाडी भागात सुईच्या टोकाएवढी, अगदी गोल हवेची भोके असतात, जी नैसर्गिक वालुकाश्मात नसतात, कण अगदी बारीक ते खडीएवढे असे सर्व मापांचे मिसळलेले असतात, आणि खडीचे तुकडे धारदार कोपऱ्यांचे, काळ्या पाषाणाचे असतात.

इतर फसव्या दगडांविषयी थोडक्यात. कुजलेल्या बेसाल्टाचे गोटे बाहेरून तपकिरी आणि खरखरीत असतात, पण फोडल्यावर काळा, ताजा गाभा निघतो आणि साल कांद्यासारखी थराथराने सुटते. दोन लाव्हाथरांच्या मध्ये आढळणारा लाल मातकट थर ओला केला की बोटाला रंग लागतो, कण लागत नाहीत. जांभा सातारकरांना सांगायला नको. कास आणि पाचगणीच्या पठारांवरचा तो सच्छिद्र दगड एकदा पाहिला की विसरत नाही. गारगोटी, अकीक, जॅस्पर हे पोकळ्यांतून सुटून आलेले गोटे मेणचट चमकेचे असतात, शिंपल्यासारख्या वक्र पृष्ठावर फुटतात आणि भिंगातूनही त्यांत कण दिसत नाहीत. घरातल्या शहाबादी फरशीच्या तुकड्यांना थर असतात म्हणून मुले त्यांनाही वालुकाश्म म्हणतात, पण ती फरशी चुनखडकाची आहे. कडप्पा आणि कोटाही तसेच. उलट बंगल्यांच्या दर्शनी भिंतींना लावलेले धोलपूर आणि जोधपूरचे दगड खरे वालुकाश्म आहेत. बांधकामाच्या ठिकाणी त्यांचे छाटलेले तुकडे पडलेले असतात आणि तुलनेसाठी ते विनासायास मिळतात.

दिघंचीचा गोटा मला तिन्हींत अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण खडक कसा तयार होतो हे त्यात अर्ध्या वाटेवर थांबलेले दिसते. माण, खटाव, आटपाडी, जत या कमी पावसाच्या भागात मातीतला चुना वाहून जाण्याऐवजी जागीच साठतो. पाणी झिरपते, पुन्हा वर येऊन वाफ होते आणि कॅल्साइट मागे ठेवते; शेतात पांढरे खडे सापडतात ते त्याचेच. हा चुना नदीच्या जुन्या वाळूत आणि गोट्यांच्या थरात उतरला की त्यांना बांधून टाकतो, आणि दरडीत हाताने न फुटणारा थर तयार होतो. त्यातून सुटलेला गोटा म्हणजे आपला राखाडी नमुना. शाळेच्या प्रयोगशाळेतले विरल हायड्रोक्लोरिक आम्ल, शिक्षकांच्या देखरेखीखाली, एक थेंब टाका: कणांच्या मधला भाग जोराने फसफसेल आणि काळे कण शांत राहतील. आम्ल नसेल तर चाकूने थोडी पूड खरवडून तिच्यावर लिंबाचा रस टाकला तरी बारीक बुडबुडे दिसतात. शौचालय साफ करण्याचे द्रव मुलांच्या हाती मुळीच देऊ नये. एक तुकडा आम्लात बुडवून ठेवला तर बांधक विरघळून तळाशी सुटी वाळू उरेल; ती धुऊन वाळवून चुंबकाने तपासली की तिच्यातले काळे कण उचलले जातील आणि ही वाळू बेसाल्टाचीच होती हे मुलांना स्वतः कळेल. सिमेंटही आम्लाला फसफसते, म्हणून नमुना दरडीतून स्वतः काढलेला असणे इथे मोलाचे ठरते.

बदामीचा गोटा या दोहोंपेक्षा फारच जुना. तो ज्या खडकाचा आहे त्याची वाळू साचली तेव्हा दख्खनचा लाव्हा यायला अजून कोट्यवधी वर्षांचा अवकाश होता. त्याच खडकात चालुक्यांची लेणी कोरलेली आहेत आणि तिसऱ्या लेण्यातला शिलालेख 578 सालचा आहे. कराडजवळच्या आगाशिवाची लेणी आणि बदामीची लेणी दोन्ही पाहिलेल्या माणसाने भिंती आठवून पाहाव्यात: आगाशिवाला लाव्हाचा काळा, पोकळ्यांनी भरलेला दगड, तर बदामीला तांबड्या-पिवळ्या रंगांच्या पट्ट्या आणि एकमेकींना तिरप्या छेदणाऱ्या बारीक थररेषा. वाहत्या पाण्याने वाळूचे लहान उंचवटे पुढे सरकवत नेले की अशा तिरप्या रेषा उमटतात. आपल्या गोट्याच्या कडेला, तो ओला केल्यावर, या रेषा दिसतील. मात्र एवढ्याशा तुकड्यावरून प्रवाहाची दिशा ठरवू नये, कारण गोटा मूळ जागी कसा बसलेला होता हे आपल्याला माहीत नसते. त्याचा चपटेपणाही थरांमुळेच आलेला आहे. थरांच्या सपाटीवर दगड लवकर सुटतो. बेसाल्टाला असे थर नसल्याने त्याचे गोटे बहुधा सर्व बाजूंनी सारखे गोलसर होतात.

याच गोट्यासंबंधी एक प्रश्न उरतो, तो क्वार्ट्झाइटचा. वालुकाश्मात सिलिकेचा बांधक इतका घट्ट बसला, किंवा उष्णता आणि दाबाने कण एकमेकांत इतके जुळले, की फूट कणांच्या मधून न जाता कणांना आरपार चिरत गेली, तर त्या खडकाला क्वार्ट्झाइट म्हणतात. त्याचा ताजा पृष्ठभाग रवाळ लागत नाही, काचेसारखा चमकतो, आणि ढलप्याची कड हात कापेल इतकी धारदार असते. कलादगीच्या खडकांत दोन्ही प्रकार आहेत आणि मधल्या सर्व पायऱ्याही. नदीतल्या गोट्यांत तर कठीण प्रकाराचाच भरणा अधिक असतो, कारण कमजोर बांधकाचा वालुकाश्म काही अंतर गडगडत गेला की त्याची पुन्हा वाळू होते. आपल्या गोट्यावर पाण्याचा थेंब हळूहळू मुरला आणि फुटीवर कणांचे उंचवटे लागले, तर वालुकाश्म लिहा. थेंब तसाच राहिला आणि फूट काचेसारखी आली, तर क्वार्ट्झाइट लिहा. निश्चित ठरत नसेल तर 'क्वार्ट्झाइटी वालुकाश्म' ही नोंदही शास्त्राला धरूनच आहे.

पुढच्या सहलीत लेणी आणि मंदिरांच्या संरक्षित आवारातून दगड उचलू नयेत. बाहेरच्या ओढ्यात ते विपुल आहेत. शिवाय मलप्रभेची मूठभर वाळू आणावी, सांगलीच्या घाटावरची मूठभर घ्यावी, आणि दोन्ही धुऊन पांढऱ्या कागदावर शेजारी शेजारी पसरून मुलांच्या हाती भिंग आणि चुंबक द्यावेत. एका ढिगातले कण बहुतांशी काचेसारखे असतील आणि चुंबकाला क्वचितच चिकटतील. दुसरा काळपट असेल आणि चुंबकाला त्याची दाढी फुटेल.